पुढच्या चाकाची घरघर

आवाज पहिल्यांदा ऐकला तो वाशीहून रिकामं परतताना, मुरबाड सुटल्यावर. पहाटेचे साडेचार झाले असतील. पाऊस उघडला होता, काचा खाली होत्या, पन्नास-पंचावन्नने निवांत चाललो होतो आणि पुढून कुठूनतरी घरघर सुरू झाली. जात्यातले दाणे संपले आणि तरी कुणी खुंटा फिरवत राहिलं तर दगडावर दगड घासून जसा आवाज येतो, तसा. स्पीड कमी केला की खाली जायचा, वाढवला की वर चढायचा. चुलतभाऊ शेजारी झोपला होता, तो उठून बसला. "दादा, माझ्या पायाखालीच वाजतंय," म्हणाला. तो डावीकडे बसतो. मलाही डावीकडूनच वाटलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे तीन आठवडे आणि साडेचार हजार रुपये या एका समजुतीपायी गेले.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरजवळ. स्वतःचा आणि भावकीतल्या चार-पाच जणांचा टोमॅटो मी पिकअपने वाशीला नेतो. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार दाराशी आहे, तरी वाशीच्या व्यापाऱ्याशी आमचा जुना व्यवहार आहे आणि तो आम्ही मोडलेला नाही. एका फेरीला ७० क्रेट, क्रेटला २० किलो, म्हणजे नुसता माल चौदाशे किलो, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. रस्ता ठरलेला. ओतूर, मढ, माळशेज घाट, मोरोशी, टोकावडे, मुरबाड, कल्याण. संध्याकाळी भरून निघायचं, मध्यरात्रीच्या आत मार्केटला लागायचं. पावसाळ्यात घाटात धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. तिथे पुढच्या चाकातून घरघरणारी गाडी माल भरून उतरवायची म्हणजे पोटात गोळा येतो. भाऊ मढ यायच्या आत झोपायचा, ही त्याची कित्येक वर्षांची सवय. त्या रात्रीनंतर तो घाट उतरेपर्यंत टक्क जागा राहायला लागला. बोलायचा काही नाही, फक्त एक हात डॅशबोर्डवर ठेवून बसायचा.

पहिल्यांदा गेलो हायवेच्या एका गॅरेजवर. मी सांगितलं, "पुढून डावीकडून घासल्यासारखा आवाज येतोय." मेकॅनिकने गाडी चालवून पाहिली नाही. डावं चाक काढलं, ब्रेक पॅड पाहिले आणि म्हणाला, पॅड संपलेत, डिस्कला लागतायत. पॅडवर अजून तीन-चार मिलिमीटर मटेरियल होतं, ते मला दिसत होतं. पण घाटाची गाडी आहे, ब्रेकच्या बाबतीत चिकटपणा नको म्हणून मी हो म्हणालो. दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, डिस्क लेथवर मारून आणल्या. तीन हजारांच्या आसपास बिल झालं. गाडी घेऊन निघालो आणि दोन किलोमीटरवर तोच आवाज, तस्साच.

परत गेलो तर त्याने दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवली. गुळगुळीत फिरली. "बेअरिंग ओके आहेत, टायरचा आवाज असेल," असा निकाल लागला. टायर कडेने थोडे उंचसखल झिजले होते हे खरं, आणि तसा टायर डांबरावर गुणगुणतो हेही खरं. मी दोन नवीन टायर घ्यायला निघालो होतो. आबांनी, म्हणजे वडिलांनी, अडवलं. "पुढचे मागं टाक आधी. आवाज मागं गेला तर टायर घे." किती साधी गोष्ट. टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले, अलाइनमेंट करून घेतली. ते दीड हजार. आवाज होता तिथेच राहिला. पण दोन टायरचे पैसे वाचले आणि टायर संशयितांच्या यादीतून कायमचे बाद झाले.

तेव्हा आबाच म्हणाले, तात्यांकडे जा. तात्या एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, निवृत्त होऊन गावातच राहतात. आता कुणाची गाडी दुरुस्त करत नाहीत, गुडघे दुखतात. पण माणूस अजून गाडीच्या आवाजाने जागा होतो. मी संध्याकाळी पिकअप घेऊन दारात उभा राहिलो तर त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. ओट्यावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. उभ्या गाडीत इंजिन रेस केल्यावर येतो का? चालत्या गाडीत न्यूट्रल केल्यावर राहतो की जातो? ब्रेकला हलका पाय ठेवल्यावर काय होतं? वळणावर कुठल्या बाजूला वाढतो? भरलेल्या गाडीत जास्त की रिकाम्या?

एकाचंही उत्तर मला नीट देता आलं नाही. तीन आठवडे मी तो आवाज रोज ऐकत होतो आणि त्याच्याबद्दल "घरघर" याच्या पलीकडे मला काही माहीत नव्हतं. तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा एवढं सगळं करून बघ, वहीत लिही, मग ये. पान्ह्याला हात लावू नको." निघताना एवढं मात्र केलं की बॅटरी घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला डोकावले. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं, त्यात खडा अडकला किंवा पत्रा वाकून डिस्कला टेकला तरी भयंकर आवाज येतो. फुकटात तपासता येतं म्हणून ते सगळ्यात आधी. तिथे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी आणि भाऊ ओतूर ते आळेफाटा रस्त्यावर निघालो. मी चालवायचं, भावाने लिहायचं. ते पान अजून वहीत आहे.

गाडी उभी, इंजिन तीन हजार फेऱ्यांपर्यंत चढवलं. आवाज नाही. म्हणजे अल्टरनेटर, वॉटर पंप, पट्ट्याचा टेन्शनर हे सगळे सुटले. हे भाग इंजिनच्या फेऱ्यांवर फिरतात, गाडी चालो की उभी राहो. मग पन्नासला नेऊन क्लच दाबला, न्यूट्रल केलं, इंजिन आयडलवर आलं, गाडी आपल्या वेगात घरंगळत राहिली. आवाज कणभरही बदलला नाही. म्हणजे तो इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला नाही, चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. इंजिन आणि क्लच त्यातून बाहेर. गिअरबॉक्सही बाजूला ठेवता आला, कारण चौथ्यात, पाचव्यात आणि न्यूट्रलमध्ये त्याच स्पीडला तोच सूर होता.

त्याच स्पीडला ब्रेकवर नुसता पाय टेकवला. पॅड घासत असेल तर इथे आवाज बदलतो, वाढतो किंवा एकदम बंद होतो. आमचा बदलला नाही. इथे मला तीन हजारांची आठवण झाली. हा प्रयोग करायला अर्धं मिनिट लागतं.

शेवटचा प्रयोग वळणाचा. तात्यांनी सांगितलं होतं की रस्ता पूर्ण मोकळा असेल तरच, पन्नासच्या आत, स्टिअरिंग हळूच डावीकडे आणि मग उजवीकडे, नागमोडी. गाडी डावीकडे घेतली की तिचं वजन उजव्या चाकांवर झुकतं. उजवीकडे घेतली की डाव्या चाकांवर. मी डावीकडे घेतलं आणि घरघर एकदम दाटली, दळण भरल्यासारखी जड झाली. उजवीकडे घेतलं आणि ती इतकी उतरली की क्षणभर बंद झाली असं वाटलं. भाऊ म्हणाला, "परत कर." चार वेळा केलं, चारही वेळा तेच. भावाने लिहिलं, "डावीकडे वळताना वाढतो, उजवीकडे वळताना जातो." आणि मग वहीवरून मान वर करून म्हणाला, "दादा, म्हणजे उजवं चाक?" तो स्वतः डाव्या चाकाच्या वर बसला होता आणि आवाज त्याच्या पायाखालून येत होता.

ही गोष्ट मला पटायला वेळ लागला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आमच्या पिकअपला पुढे सलग अ‍ॅक्सल आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच लोखंड, त्यावर दोन्हीकडे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि पाट्यांवर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. उजव्या टोकाला थरथर सुरू झाली की ती लोखंडातून डाव्या टोकाला पोहोचते, मध्ये रबर नाही की माती नाही. आणि डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याचा एक बोल्ट कधीतरी पडला होता. तो मोकळा पत्रा ती थरथर घेऊन वाजत होता. हे नंतर कळलं. भावाने चालत्या रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो पत्रा दोरीने आवळून बांधला, तर पुढच्या फेरीत आवाज निम्मा झाला आणि बराच उजवीकडे सरकला. कान खोटं बोलत नव्हते. ते वाजणारा पत्रा दाखवत होते, वाजवणारं चाक दाखवत नव्हते.

वहीचं पान तात्यांना दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता जॅक काढ."

वळणाची खूण इतकी खात्रीची का, ते त्यांनी जॅक लावता लावता सांगितलं. पुढच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, दोन बेअरिंग असतात, आत मोठं, बाहेर लहान, दोन्ही टेपर. म्हणजे रोलर सरळ नसतात, एका बाजूला निमुळते, शंकूसारखे बसवलेले. ते वरून येणारं वजन पेलतात आणि वळताना बाजूने येणारा रेटाही. हेन्री टिमकेन नावाच्या अमेरिकेतल्या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने १८९८ साली याचं पेटंट घेतलं, तेही घोड्यांच्या गाड्यांसाठी. भरलेली गाडी वळली की चाक आखावर बाजूला दाबलं जायचं, झिजायचं, अडायचं. आबा तिथेच उभे होते. त्यांना हे लगेच समजलं. आमच्या बैलगाडीला साट्याखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं आणि उसाची गाडी भरून वळणावर कुरकुरली की आजोबा थांबून वंगण घालायचे, हे आबांनी लहानपणी पाहिलं आहे. सरळ रस्त्यावर तेच चाक मुकाट चालायचं.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक. पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तात्या कुणाला हातही घालू देत नाहीत. त्यांनी वर्कशॉपमध्ये जॅक सरकताना पाहिला आहे आणि ते त्याबद्दल जास्त बोलत नाहीत.

आधी डावं चाक हाताने फिरवलं. पॅडचा हलका घासरा, बाकी शांत. मग उजवं. तेही शांतच. माझा चेहरा पडला. तात्या म्हणाले, "वजन कुठंय त्याच्यावर? अधांतरी चाक आहे. इथं हात ठेव." त्यांनी माझा डावा तळहात पाट्यावर, अ‍ॅक्सलला बांधलेल्या जागेजवळ ठेवला आणि स्वतः चाक जोरात फिरवलं. कानाला काही नाही, पण तळहाताला बारीक खरखर लागली, वाळू भरलेल्या डब्यावर हात ठेवल्यासारखी. डाव्या बाजूला तेच केलं तर पाटा मुका. मग मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन टोक हब ज्या दांड्यावर फिरतो त्या स्टब अ‍ॅक्सलच्या मुळाशी टेकवलं आणि मुठीचा भाग कानासमोरच्या हाडाला. चाक फिरलं आणि डोक्याच्या आतच खर्र, खर्र, एकेका फेरीत एका जागी जास्त. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. त्या चाकावर मी चौदाशे किलो घेऊन माळशेज उतरत होतो.

प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, बघायची रीत सगळ्यांना माहीत असते, टायर वर आणि खाली धरून आतबाहेर हलवायचा. आमचा किंचित हलला, टक् असा. पण तेवढ्यावर बेअरिंगला दोष देता येत नाही, किंगपिन, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या खिळ्यावर वळतं तो, झिजला असला तरी तसंच हलतं. तात्यांनी भावाला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. टक् बंद. ब्रेक दाबला की डिस्क कॅलिपरला, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या भागाला, धरली जाते, बेअरिंगमधला ढिलेपणा झाकला जातो. किंगपिनचा असता तर ब्रेक दाबूनही राहिला असता. नंतर डावी-उजवी बाजू धरून हलवलं, स्टिअरिंगच्या टाय रॉडचे जॉइंट तपासले, ते घट्ट होते. एवढं झाल्यावरच त्यांनी पान्हा मागितला. तोपर्यंत एकही नट खोललेला नव्हता.

चाक काढलं, कॅलिपरचे दोन बोल्ट काढून कॅलिपर तारेने पाट्याला टांगला. तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू द्यायचा नसतो, पाइप आतून फाटतो आणि बाहेरून दिसत नाही. हबची टोपी छिन्नीने चहूबाजूंनी थोडी थोडी टोकत काढली. टोपीच्या आतच उत्तर होतं. ग्रीस काळपट तपकिरी असायला हवं. हे दुधाच्या चहाच्या रंगाचं होतं, पातळ, आणि बोट लावलं तर बोटावरून ओघळलं. नट सरकू न देणारी कॉटर पिन, मोठा नट, वॉशर निघाला, बाहेरचं बेअरिंग हातात आलं. मग डिस्कसकट हब ओढला आणि मागचं, पाणी अडवणारं सील उचकटून आतलं मोठं बेअरिंग काढलं.

डिझेलमध्ये धुऊन तात्यांनी ते उन्हात धरलं आणि माझ्या हातात दिलं. रोलरवर देवीचे वण असावेत तसे खड्डे होते. काहींची कातडी सोलल्यासारखी निघाली होती. हबमध्ये बसलेल्या कपच्या, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्याच्या, आतल्या आरशासारख्या गुळगुळीत पट्ट्यावर रोलरच्याच अंतराने गंजाच्या उभ्या रेषा होत्या, आणि खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा भाग उखडला होता. प्रत्येक फेरीत एका जागी जास्त खर्र का होतं ते तिथे दिसलं. तात्यांनी अंगठ्याचं नख त्या पट्ट्यावरून ओढलं, ते अडकलं. मग तेच नख स्टब अ‍ॅक्सलच्या दांड्यावरून ओढलं, कुठेही अडकलं नाही. लोखंड निळंही पडलेलं नव्हतं. तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला. "दांडा वाचला. अजून दोन-चार फेऱ्या मारल्या असत्यास तर बेअरिंग दांड्यावर फिरलं असतं." त्याच्या पुढचं ते बोलले नाहीत. बेअरिंग जाम होऊन दांडा तुटला तर चाक डिस्कसकट बाहेर पडतं, हे मला माहीत होतं. भाऊ शेजारीच उभा होता आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पाणी शिरलं कुठून? सीलची ओठासारखी कड दाबून पाहिली तर कडक, चिरलेली. पण नुसत्या पावसाने एवढं पाणी जात नाही. तात्यांनी विचारलं, पाण्यात घातली होतीस का? मग आठवलं. जुलैत एका रात्री घाट उतरून मोरोशीच्या पुढे ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. चाकाच्या मध्यापर्यंत असेल. पुढे एक ट्रक गेला म्हणून मीही घातली आणि निघालो. घाटभर ब्रेक लावून हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली. तसाच तो थंड पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत खेचून घेते. बाहेर येताना ते परत निघत नाही. ग्रीसमध्ये फेसाळतं, ग्रीस धुऊन जातं, मग रोलर लोखंडावर लोखंड फिरतात, उभ्या गाडीत गंज धरतो. त्या रात्रीपासून आवाज सुरू व्हायला महिना गेला होता.

ज्यांची पिकअप फोर बाय फोर आहे त्यांना याशिवाय चाकांना ताकद पोहोचवणारे पुढचे सीव्ही जॉइंट आणि पुढचा डिफरन्शियल बघावा लागतो. नव्या बऱ्याच गाड्यांना आमच्यासारखं उघडून ग्रीस भरायचं बेअरिंग नसतंच, सीलबंद हब असतो, तो अख्खा बदलतात. पण वळणाची खूण बहुतेक वेळा तिथेही लागू पडते.

सामान आणायला आळेफाट्याला गेलो. तात्यांनी जुनी बेअरिंग पुसून बरोबर दिली होती, कडेवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर मागायचा, गाडीचं नाव सांगून नाही. दुकानदार नुसता कोन, म्हणजे रोलरसकट आतला भाग, द्यायला निघाला होता, कप जुनाच वापरा म्हणून. मी कपसकट घेतलं. उखडलेल्या कपात नवे रोलर फिरवले तर ते आठवड्यात त्याच्यासारखे होतील. दोन्ही बाजूंची सील, नव्या कॉटर पिना आणि व्हील बेअरिंगचं जास्त तापमान सहन करणारं ग्रीस घेतलं. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत.

जुने कप पितळेच्या दांड्याने आतून ठोकून काढले. नवे बसवताना मी हातोडा घेतला तर तात्यांनी डोळे मिटले. मला वाटलं थकले. ते ऐकत होते. कप गोल गोल फिरत, समोरासमोर, सारखा ठोकत न्यायचा. बसेपर्यंत ठक् ठक् असा बोदा आवाज येतो. शेवटच्या कडेला टेकला की त्याच ठोक्याचा आवाज बदलून टण्ण होतो. मी ठोकत होतो आणि ते "अजून नाही, अजून नाही" म्हणत होते. टण्ण झालं तसं "बस" म्हणाले आणि डोळे उघडले. दुसऱ्या कपाला मी स्वतः ऐकून थांबलो. मला तो बदल नीट कळला, आणि त्यांनी मान हलवली.

ग्रीस भरण्यात भाऊ पटाईत निघाला. तळहातावर गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत दाबत ओढायची, रोलरच्या फटींतून ग्रीस दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. वरून थापलेलं ग्रीस दिसायला भरपूर दिसतं आणि आत कोरडं राहतं. हबची पोकळी मात्र ठासून भरायची नाही, तापल्यावर फुगायला जागा लागते. जुनं ग्रीस थोडंसुद्धा ठेवलं नाही, हब डिझेलने धुऊन, कापडाने पुसून, वाळवून घेतला.

नट आवळायचा तो तात्यांनी स्वतः आवळला. हब फिरवत फिरवत चांगला घट्ट, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण ढिला. मग पान्हा बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत, आणि कॉटर पिनचं भोक जुळवायला किंचित मागे. हबला कागदाच्या जाडीपेक्षाही कमी हालचाल राहिली पाहिजे, पण राहिली पाहिजे. हौसेने पान्ह्यावर लटकून आवळलेलं नवं बेअरिंग एका घाटात जळतं. एसटीत असताना असं जळलेलं त्यांनी किती वेळा काढलं, ते सांगताना त्यांना अजून वाईट वाटतं.

डावी बाजूही उघडली. पाण्यात ती पण गेली होतीच. ग्रीसचा रंग नुकता बदलायला लागला होता, रोलर स्वच्छ होते, नख कुठे अडलं नाही. धुऊन, नवं ग्रीस आणि सील घालून परत बसवली. मडगार्डच्या पत्र्याला बोल्ट लावला.

आळेफाट्यापर्यंत जाऊन आलो. काचा खाली, गिअर न्यूट्रल, डावीकडे, उजवीकडे. टायर आणि वारा, एवढंच. दारात येऊन ब्रेक कमीत कमी वापरत गाडी थांबवली आणि तात्यांनी दोन्ही हबवर दोन हात ठेवले. दोन्ही सारखेच कोमट. एक जास्त तापला असता तर पुन्हा उघडायचं होतं. त्यांना पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी एक क्रेट टोमॅटो आणि काकूंना साडी घेऊन आबा गेले होते. साडी ठेवून घेतली, टोमॅटो अर्धे परत पाठवले.

दोन दिवसांनी ७० क्रेट भरून निघालो. पाऊस होता. ओतूर सोडलं आणि माझे कान नुसते उजव्या चाकाकडे. पिंपळगाव जोगाच्या धरणाचं पाणी डावी-उजवीकडे कुठेतरी अंधारात असणार, मी पाहिलंही नाही. मढच्या अलीकडे भावाचा डॅशबोर्डवरचा हात खाली घसरला. बघितलं तर मान दाराला टेकलेली, तोंड उघडं.

घाटात धुकं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनवर धरून, हळूहळू उतरलो. मोरोशीला कडेला घेतली आणि उतरून दोन्ही हब पाहिले. घाटातून आल्यावर डिस्कमुळे दोन्ही गरम असतातच, तेव्हा किती गरम हे बघायचं नसतं, दोन्ही सारखे आहेत का ते बघायचं. आधी हाताची उलटी बाजू जवळ नेऊन, मग टेकवून. सारखे होते. पावसाचे थेंब डाव्या डिस्कवरही चर्र होत होते आणि उजव्यावरही. ओढ्याचं पाणी त्या रात्री रस्त्याखालच्या मोरीतून मुकाट वाहत होतं. मी केबिनमध्ये चढलो, दार लावलं. जोरात लागलं. भाऊ उठला नाही.